फूट-इंच शिकवायचे की नाही? मापनाच्या तासाला येणारा प्रश्न



चौथी-पाचवीला मापनाचा घटक सुरू झाला की पालकांकडून एक प्रश्न दरवर्षी येतो. "मॅडम, पुस्तकात फूट-इंच काहून नाही? आम्ही तर दिवसभर त्याच्यातच काम करतो." विचारणारे पालक बहुतेक गवंडीकाम, सुतारकाम, प्लंबिंग करणारे असतात, नाहीतर लेआऊटमध्ये प्लॉट घ्यायच्या तयारीत असलेले. दुसऱ्या बाजूला काही शिक्षक मित्र म्हणतात, सरकारने साठ वर्षांपूर्वी जे बंद केलं ते वर्गात आणायचंच कशाला? मुलांचा गोंधळ होतो. मला दोघांचंही म्हणणं पटतं, पण अर्धंच. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. लेख लांब झाला आहे, चहा घेऊन बसा.

आधी इतिहास, कारण तो आपल्या नागपूरच्या बाबतीत फार मजेदार आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. त्या दिवशी ते मुंबई राज्यात आलं. आणि दोन महिने पूर्ण व्हायच्या आत, २८ डिसेंबर १९५६ ला, वजने व मापे यांच्या प्रमाणांचा केंद्रीय कायदा झाला. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांचं एकाच हिवाळ्यात राज्यही बदललं आणि शेर-मण जाण्याचं नक्कीही झालं. लगेच १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून काही भागांत आणि काही धंद्यांत किलोची वजनं आली आणि एप्रिल १९६२ पासून ती देशभर सक्तीची झाली. सरकारने हा बदल एका रात्रीत केला नाही, टप्प्याटप्प्याने केला, हे मुलांना जरूर सांगा.

खरं म्हणजे हा प्रयत्न त्याआधी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं झाला होता. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना १८७०-७१ मध्ये असा कायदा करण्यात आला की 'शेर' हे नाव ठेवायचं, पण त्याचं वजन बरोबर एक किलोग्रॅम करायचं. कायदा झाला, अंमल मात्र कधी झालाच नाही. त्या काळाची एक खूण तेवढी राहिली: मीटर गेज रेल्वे. इंग्रजांच्या देशात रुळांची रुंदी मीटरमध्ये कशी, याचं उत्तर हे आहे. देश लवकरच मेट्रिक होणार असं धरून ती रुंदी ठरवली होती.

जुनी मापं वेडी नव्हती

आपण वर्गात पटकन म्हणून जातो की जुनी मापं अवघड होती, दशमान सोपं आहे. मला हे वाक्य आवडत नाही. जुनी मापं वेगळ्या कामासाठी सोपी होती.

बघा. रुपयाचे १६ आणे. शेराचे १६ छटाक. दोन्हीकडे १६. म्हणून शेराचा भाव जितके रुपये, तितके आणे छटाकेला. तूप पाच रुपये शेर असेल तर छटाकभर तूप पाच आण्यांना. कागद नाही, पेन्सिल नाही, गुणाकारही नाही! तसंच मणाचे ४० शेर. धान्य अडीच रुपये मण असेल तर अडीच रुपयांचे आणे ४०, म्हणजे शेराला बरोबर एक आणा. पाच रुपये मण असेल तर दोन आणे शेर. जुन्या अंकलिपीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी का पाठ करून घेत, ते इथे कळतं. (औट म्हणजे साडेतीन. माझ्या वर्गातल्या एकालाही माहीत नव्हतं, दोन शिक्षकांनाही नव्हतं.) १६ ही संख्या अर्धी करत गेलं तर ८, ४, २, १ अशी उतरते, कुठे अपूर्णांक येत नाही. १० चं तसं होत नाही. १० चे अर्धे ५ आणि मग लगेच अडीच.

म्हणूनच आणा जाताना त्रास झाला. १०० ला १६ ने भागलं तर सव्वासहा येतात. सरकारने तक्ता काढला: एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आता एक-एक आण्याची चार खरेदी करणाऱ्याने २४ पैसे दिले आणि एकदम चार आण्यांची करणाऱ्याने २५! पाचवीच्या मुलांना हा तक्ता फळ्यावर लिहून द्या आणि विचारा, यात कोणाचा फायदा, कोणाचा तोटा? भागाकार, पूर्णांकात रूपांतर आणि थोडंसं नागरिकशास्त्र एका तासात होतं.

मग बदललं का? कारण जुन्या मापांचा खरा दोष १६ हा आकडा नव्हता. दोष हा होता की नाव एक आणि वजन गावोगावी वेगळं. बंगाली मण सुमारे ३७.३ किलोचा. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलो. मद्रासचा मण २५ पौंडांचा. तिघेही 'मण'च. पायलीचं तर विचारूच नका, एका बाजाराची पायली दुसऱ्या बाजारात चालायची नाही. शेतकऱ्याकडून घेताना मोठं माप आणि विकताना लहान माप, हे त्यातूनच शक्य व्हायचं. किलो आल्यावर ही सोय बंद झाली. मेट्रिकच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच आहे. शून्य वाढवायचं, टिंब सरकवायचं, ही सोय नंतरची.

नाव जुनं, माप नवं

लोकांनी मग काय केलं? कायदा मानला, पण शब्द सोडले नाहीत. बाजारात आपण आजही 'पावशेर' वांगे मागतो आणि भाजीवाला २५० ग्रॅमचं वजन टाकतो. जुना शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्याचा पाव भाग २३३ ग्रॅम. म्हणजे आपल्याला १७ ग्रॅम जास्तच मिळतात. चार आणे, आठ आणे हे शब्दही पन्नास वर्षं २५ आणि ५० पैशांसाठी चालले, २०११ मध्ये पंचवीस पैशांचं नाणं बंद होईपर्यंत. नऊवारी पातळ आजही नऊवारीच आहे, वार म्हणजे यार्ड. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. त्याला कोणी 'सव्वाआठमीटरी' म्हणणार नाही आणि म्हणूही नये.

शब्द राहिल्याने नुकसान नाही असं मी म्हणते, पण एक ठिकाण सोडून. ते म्हणजे सोनं. जुना तोळा १२ माशांचा, मासा ८ गुंजांचा, ग्रॅममध्ये ११.६६. आजचा सराफ तोळा म्हणतो तो सरळ १० ग्रॅमचा. नवीन दागिना घेताना काही बिघडत नाही, बिलावर ग्रॅम असतात. पण घरात आजीच्या वेळची यादी असते, 'पाटल्या पाच तोळे'. त्या जुन्या पाच तोळ्यांचे ५८.३ ग्रॅम होतात. वाटणीच्या वेळी किंवा मोड देताना कोणी त्याला ५० ग्रॅम धरलं, तर आठ ग्रॅमच्या वर सोनं हिशेबातून गळलं. आजचा भाव लावून बघा म्हणजे कळेल. अशा वेळी तोळ्याच्या शब्दावर जाऊ नका, दागिना काट्यावर ठेवा आणि ग्रॅम वाचा.

अर्धवट बदल जास्त महाग

आता मूळ मुद्द्यावर येते. शेर-मणाचा प्रश्न १९६२ ला संपला. पण इंग्रजांची फूट, इंच, एकर, फॅरनहाइट ही मंडळी गेलीच नाहीत. तीही त्याच कायद्याने जायची होती. आज लागू असलेला वैध मापनाचा कायदा २००९ चा आहे, २०११ पासून अमलात आला, आणि त्यातही व्यापारात, जाहिरातीत, बिलावर प्रमाणित एककच वापरायचं असं आहे. म्हणून टीव्हीच्या खोक्यावर '८० सेंटिमीटर' छापलेलं असतं. दुकानात जाऊन आपण मागतो मात्र बत्तीस इंची.

आपल्या घरात एका दिवसात किती पद्धती चालतात ते मोजा. मुलाची उंची फुटात, वजन किलोत. दूध लीटरमध्ये, बोअरची खोली फुटात. प्लायवूडचा पत्रा आठ बाय चार फूट, पण त्याची जाडी १८ मिलिमीटर! एकाच वस्तूची लांबी इंग्लंडची आणि जाडी फ्रान्सची. सळई पूर्वी सुतात मागायचे, इंचाचे आठ सूत. आता ८, १०, १२ मिलिमीटर म्हणतात, पण जुने मिस्त्री १० ला अजून 'तीन सूत' म्हणतात. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, जवळपास जुळतं म्हणून चालून जातं.

सगळ्यात जास्त जपायची जागा म्हणजे ताप. हवामान आपण सेल्सिअसमध्ये ऐकतो, अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये मोजतो. मागच्या वर्षी मे महिन्याच्या आधी वर्गात एकाने विचारलं, "मॅडम, नागपुरात ऊन ४५ आणि माह्या बहिणीले ताप १०२. मंग ती उन्हापेक्षा दुप्पट गरम होती का?" सगळे हसले. पण प्रश्न अगदी बरोबर आहे. ४५ अंश सेल्सिअस म्हणजे ११३ फॅरनहाइट. आणि १०२ फॅरनहाइट म्हणजे जेमतेम ३९ सेल्सिअस. बहीण उन्हापेक्षा थंडच होती.

गंमत सोडा. आता मेडिकलमध्ये मिळणारे डिजिटल थर्मामीटर बटण दाबलं की सेल्सिअसवर जातात. रात्री आईने बाळाचा ताप पाहिला आणि ३८.५ दिसलं. जिच्या डोक्यात १०० च्या वरचाच ताप बसला आहे, तिला हे कमी वाटू शकतं, किंवा मशीन बिघडलं असं वाटू शकतं. ३८.५ म्हणजे १०१.३. अंगात ताप आहे. पालकांनी घरच्या थर्मामीटरवर आकड्याशेजारी 'सी' आहे की 'एफ' ते आजच बघून ठेवावं. आणि मुलांना ९८.६ च्या जोडीला ३७ हा आकडा पाठ असावाच.

मिश्रणाने काय होतं याचं जगातलं प्रसिद्ध उदाहरण कॅनडाचं आहे. तो देश तेव्हा नुकता मेट्रिककडे वळत होता. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात इंधन भरताना लीटरचं वजन काढायला १.७७ हा आकडा वापरला गेला. तो पौंडांचा होता. किलोसाठी तो ०.८ च्या आसपास हवा होता. लागणार होतं २२,३०० किलो. भरलं गेलं साधारण तेवढेच पौंड, म्हणजे अर्ध्यापेक्षाही कमी. विमानाची दोन्ही इंजिनं आकाशातच बंद पडली. वैमानिकांनी ते तसंच तरंगवत गिमली नावाच्या जुन्या विमानतळावर उतरवलं आणि सगळे वाचले. यात पौंड वाईट नव्हते आणि किलोही वाईट नव्हते. दोन्ही एकाच कागदावर होते, तिथे घात झाला.

प्लॉट, सातबारा आणि ३.२८

नागपूरच्या पालकांसाठी खरा पैशाचा विषय हा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

प्लॉटचा भाव बोलताना स्क्वेअर फूट, कागदावर चौरस मीटर. रेडी रेकनरचा दर चौरस मीटरला, रेरा नोंदणीतलं चटईक्षेत्रही चौरस मीटरमध्ये. म्हणजे बोलणी एका भाषेत आणि सही दुसऱ्या भाषेत. आमच्या एका पालकांना ३० बाय ५० चा, म्हणजे १५०० स्क्वेअर फुटांचा प्लॉट सांगितला होता. कागदावर होतं १३९.३५ चौरस मीटर. त्यांनी मोबाइलवर १५०० ला ३.२८ ने भागलं, उत्तर आलं ४५७. ते घाबरले. आपल्याला एक तृतीयांशच जागा देऊन राहिले असं वाटून ते विकणाऱ्याशी भांडायला निघाले होते. कागद बरोबर होता.

चूक कुठे झाली? मीटरचे फूट ३.२८ हे लांबीसाठी. क्षेत्रफळाला लांबी आणि रुंदी दोन्ही बदलतात, म्हणून ३.२८ गुणिले ३.२८, म्हणजे १०.७६ ने भागायचं. घनफळाला तीनदा, म्हणजे ३५.३. ही गोष्ट मुलांना सूत्र म्हणून सांगू नका, दाखवा. फरशीवर खडूने एक मीटर बाजूचा चौरस काढा. त्यात एक फूट बाजूचे पुठ्ठ्याचे चौरस ठेवायला सांगा. तीन ओळींत तीन-तीन पूर्ण बसतात, नऊ झाले, आणि कडेला दोन पट्ट्या उरतात. त्या कापून भरल्या की पावणेअकराच्या आसपास होतात. एकदा हाताने केलं की १०.७६ विसरत नाही. आमच्या वर्गाची खोली एका मिस्त्री पालकांनी टेपने १८ बाय २० फूट मोजून दिली. मुलांनी मीटरच्या बाजूने मोजली, ५.४९ बाय ६.१०. क्षेत्रफळ एकीकडे ३६०, दुसरीकडे साडेतेहेतीसच्या थोडं खाली. भागून बघा म्हटलं, १०.७५ च्या आसपास येतं. पोरांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता.

सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. आपल्याकडे बोलतात एकरात, पुण्याकडे गुंठ्यात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. इतके जवळ आहेत की लोक दोघांना एकच समजतात. एकराचे ४० गुंठे, म्हणून सातबाऱ्यावर ०.४० हेक्टर दिसलं की 'एक एकर' म्हणून मोकळे होतात. एक एकर म्हणजे ४०.४७ आर. फरक सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशे स्क्वेअर फूट. कोरडवाहू शेतात कोणी लक्ष देत नाही. पण तीच जमीन उद्या रिंगरोडच्या आत आली, तर पाचशे फुटांत एक लहान घर उभं राहतं.

आणि ब्रास! वाळू, मुरूम, गिट्टी सगळं ब्रासमध्ये. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. इथे मला सरकारचं थोडं हसू येतं. कायदा म्हणतो मीटर, आणि २०२३ च्या वाळू धोरणात सरकारनेच दर जाहीर केला तो ६०० रुपये ब्रास. सरकारी कागदालाच ब्रास लागत असेल तर गवंड्याला दोष कसा देणार? माझं स्पष्ट मत आहे की कागदावरून ब्रास आणि स्क्वेअर फूट जायला पाहिजेत, आणि तोवर निदान दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहावेत.

पण बोलण्यातून ब्रास का जात नाही हेही समजून घ्या. ट्रॉली १० फूट लांब, ५ फूट रुंद, २ फूट उंच असेल तर भरून बरोबर १०० घनफूट, एक ब्रास. दीड फुटापर्यंतच वाळू असेल तर पाऊण ब्रास. उभ्या-उभ्या हिशेब होतो, ड्रायव्हरला फसवता येत नाही. हेच मीटरमध्ये ३.०५ गुणिले १.५२ गुणिले ०.६१. दाण्याइतक्या टिंबांशी कोण खेळणार? ट्रॉलीच फुटाच्या मापाने बनली आहे, म्हणून फूट सोपा जातो. ट्रॉली ३ मीटर बाय दीड मीटर अशी बनवली असती तर मीटर सोपा गेला असता. विटेचंही तसंच. प्रमाणित मेट्रिक वीट १९ सेंटिमीटरची ठरवलेली आहे, सिमेंटच्या सांध्यासकट २० ची होईल अशी. पण गवंड्याची भिंत अजून 'नऊ इंची' नाहीतर 'साडेचार इंची'.

आकडा बदलला म्हणून वस्तू बदलत नाही, हे दाखवायला नागपूरइतकं चांगलं गाव नाही. इतवारी-नागभीडची छोटी गाडी ज्या नॅरोगेजवर धावायची त्या रुळांची रुंदी रेल्वेच्या कागदात ७६२ मिलिमीटर. हा कुठला विचित्र आकडा? अडीच फूट आहेत ते! मोठ्या लाइनचे १६७६ मिलिमीटर म्हणजे साडेपाच फूट. आपल्या नव्याकोऱ्या मेट्रोचे रूळसुद्धा १४३५ मिलिमीटर, म्हणजे चार फूट साडेआठ इंच. मुलांना मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात नेलंत तर टेप सोबत घ्या आणि रुळाच्या आतल्या कडांमध्ये मोजायला लावा, दोन्ही बाजूंनी.

झिरो माईलचा दगड तर आपल्या दारातच आहे, विधानभवनाजवळ. १९०७ चा. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट कोरली आहे आणि गावांची अंतरं मैलात. सिवनी ७९, जबलपूर १७०. मैलाला १.६०९ ने गुणलं तर सिवनी १२७ किलोमीटर, जबलपूर २७३.५. मग मोबाइलच्या नकाशावरचं आजचं अंतर काढून तुलना करा. उंचीचे मीटर ३१०.९५ होतात. भूगोलाच्या पुस्तकात नागपूरची उंची ३१० मीटर लिहिलेली असते, ती या फुटांशी कशी जुळते ते मुलांना स्वतः काढू द्या.

मग वर्गात काय करायचं?

माझं म्हणणं असं. पहिली-दुसरीत वीत, पाऊल, हात यांनीच मोजायचं, घाई करू नये. एकाच बाकाच्या कोणाच्या सात विती, कोणाच्या नऊ, असं झालं की 'सगळ्यांचं माप एकच पाहिजे' हे मुलंच बोलतात, आपल्याला सांगावं लागत नाही. तिसरी-चौथीत फक्त मेट्रिक. इथे फूट-इंच आणायचेच नाहीत. कारण मुलांच्या पट्टीला दोन कडा असतात, एका कडेला ३० सेंटिमीटर, दुसऱ्या कडेला १२ इंच. अर्धी मुलं चुकीच्या कडेने मोजतात. शून्याऐवजी १ पासून मोजणं ही दुसरी जुनी सवय. मी तिसरीत इंचाच्या कडेला रंगीत चिकटपट्टी लावून टाकते. वर्षभर ती बाजू बंद.

पाचवीत, मीटर पक्का बसल्यावर, ती पट्टी काढायची. फूट, इंच, एकर, फॅरनहाइट यांची ओळख एका आठवड्यात करून द्यायची, परीक्षेला न घेता. पाठांतर नाही, फक्त पूल. इंच अडीच सेंटिमीटरहून किंचित मोठा, नेमका २.५४. फूट म्हणजे पट्टीच्या ३० सेंटिमीटरहून अर्धा सेंटिमीटर जास्त. एकर म्हणजे ४० आरहून थोडं जास्त. मोठं झाल्यावर त्यांना गवंड्याशी, सराफाशी, तलाठ्याशी बोलायचं आहे. ती भाषा कानावरून गेलेली असावी. ज्या मुलाचे बाबा दिवसभर सुतात आणि फुटात विचार करतात, त्याला शाळेने 'हे चूक आहे, जुनं आहे' असं सांगितलं, तर ते मूल घरी जाऊन बाबांनाच अडाणी ठरवतं. हे मला पटत नाही. त्या बाबांना वर्गात बोलवा. आमच्याकडे आलेल्या मिस्त्रींनी साध्या पाण्याच्या नळीने दोन भिंतींची पातळी कशी बघतात ते दाखवलं आणि पोरं माझ्या तासापेक्षा जास्त शांत बसली होती!

पावकी-पाऊणकी मात्र मला परत हवी आहे. सगळी नाही, फक्त पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. २५०, ५००, ७५० ग्रॅम आणि पाव, अर्धा, पाऊण किलो ही सांगड तोंडी पक्की झाली, तर पुढे ०.२५ आणि ०.७५ आल्यावर मुलं अडखळत नाहीत. दशांश अपूर्णांक आपल्या मुलांना कठीण जातात, कारण आपण त्यांना टिंब शिकवतो पण 'पाव' शिकवत नाही, असा माझा अनुभव आहे. कोणाचं वेगळं मत असेल तर जरूर सांगा.

या वर्षी पाचवीला आठवडाभराचं काम दिलं होतं, 'घरातलं माप शोधा': वस्तूवर किंवा तोंडी सांगितलेलं माप लिहायचं आणि मग पट्टीने स्वतः मोजायचं. एका मुलीने घरचा 'अर्धा इंची' लोखंडी पाइप मोजून आणला. बाहेरून २१ मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे तर १२.७. तिने तीनदा मोजला, मग मोठ्या भावाकडून मोजवून घेतला, तरी २१ च. मी सांगितलं की पाइपाचं नाव आतल्या पोकळीवरून पडलं आहे. ती तुटलेला तुकडाच घेऊन आली होती. तिने तिथेच आतून मोजला: १६ मिलिमीटर. "मॅडम, मंग हा अर्धा इंची कोनत्या बाजूनं हाय?" वर्गातल्या एकाचे बाबा प्लंबर आहेत. येत्या शनिवारी ते येऊन सांगणार आहेत.